नवंकोरं नाणं आणि चांगलं नाणं, यात नेमका फरक काय?

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे काका श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन वर आले. डब्यात नाणी, अर्धा डबा भरून. "अगं, तू ती नाणीबिणी जमवतेस ना, जरा बघ बरं यात काही निघतंय का." झालं होतं काय की सोसायटीच्या ग्रुपवर तो नेहमीचा व्हिडिओ फिरला होता, वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील वगैरे, आणि काकांकडे तशी तीन निघाली. त्यातलं एक तर अगदी लखलखीत, जणू काल पाडलंय.

लाखांचं आधी संपवते. वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ ची, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाची, आणि ती भरपूर पाडलेली आहेत. अशा व्हिडिओंच्या मागे पुष्कळदा 'आधी कमिशन भरा, टॅक्स भरा' असा खेळ असतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलंय की आमचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात पैसे मागितले जातायत, त्यांना भुलू नका. तर काका, याचे पाच रुपये. दुकानात चालतील.

काका इथल्याच, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले, छपाई म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते म्हणाले, "बरं लाख राहू दे, पण हे तर एकदम कोरं आहे, मग चांगलंच की!" आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो, कारण नाणं कोरं असणं आणि नाणं चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जमवायला लागलेल्या दहातल्या नऊ जणांची गाडी इथेच अडकते. माझीही दोन वर्षं अडकली होती.

नाणी नाशकात पडत नाहीत

हे एकदा सांगायलाच हवं कारण बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात. नाशिकरोडला नोटा आणि स्टॅम्प छापतात, नाणी नाही. नाणी पाडायच्या सरकारी टांकसाळी चार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. कुठलं नाणं कुठलं हे ओळखायला सालाच्या खाली बघायचं. छोटा चौकट आकार म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता.

पूर्वी मात्र आपल्याकडे पडत होती. नाशकाचं मोगली नाव गुलशनाबाद, त्या नावाचे मराठेशाहीतले रुपये आहेत, आणि होळकरांच्या चांदवडलाही टांकसाळ होती. तेव्हाचं काम हाताचं. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीचा तुकडा आणि वरून हातोडा. त्यामुळे तुकडा ठशापेक्षा लहान, छाप एका बाजूला सरकलेली, अर्धी अक्षरं बाहेर, हे त्या नाण्यांत चालतंच. आजचं नाणं मशीनवर पडतं, मिनिटाला शेकडो, त्यामुळे आपण समजून चालतो की सगळी सारखीच. ती सारखी नसतात.

मोदकाचा साचा आठवा

नाणं पाडायची गोष्ट अशी. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्या भट्टीत तापवून जरा मऊ करतात, कडा किंचित वर उचलून घेतात. मग ही कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. ठशाला डाय म्हणतात, त्यावर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं असतं. भोवती पोलादाचं कडं असतं म्हणजे धातू बाजूला पसरू नये. आणि मग दाब, एकच, क्षणाचा. त्या क्षणात थंड धातू अक्षरशः वाहतो आणि डायच्या खोबणीत शिरतो.

आता गणपतीत माव्याचे मोदक करतो तो साचा डोळ्यासमोर आणा. भांडी बाजारातून आणलेला, दोन फाळक्यांचा. सारण नीट मळलेलं असेल, पुरेसं भरलं असेल आणि साचा घट्ट दाबला असेल तर वरच्या टोकापर्यंत कळ्या कशा टोकदार येतात. सारण कोरडं पडलं, कमी भरलं, नाहीतर हात हलका पडला की सगळ्यात आधी काय बिघडतं? टोक. खालचा भाग ठीक दिसतो पण टोक बोथट. कारण टोक म्हणजे साच्यातला सगळ्यात खोल भाग आणि सारण तिथे शेवटी पोचतं.

नाण्याचं डिट्टो तसंच आहे. नाण्यावर जो भाग सगळ्यात उंच दिसतो तो डायमध्ये सगळ्यात खोल असतो, आणि धातू तिथे शेवटी पोचतो किंवा पोचतच नाही. हा धातू किती नीट पोचला, चित्र किती पुरं उठलं, याला नाणी जमवणारे 'स्ट्राइक' म्हणतात. मी पुढे साधं छाप म्हणणार आहे. छाप पक्की, छाप कच्ची. बस.

कच्ची छाप येतेच का?

कारणं बरीच, पण मुख्य म्हणजे कठीण धातू. आपली १ आणि २ रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत आणि स्टील हे मोदकाच्या भाषेत म्हणजे कोरडं ठक्क सारण. ते खोल खोबणीत सहज शिरत नाही, म्हणून त्या नाण्यांवरचं चित्रच मुळात चपटं ठेवलेलं असतं. नुसत्या हाताने चाचपलं तरी कळतं की जुन्या चांदीच्या रुपयासारखा उठाव त्याला नाही.

दुसरं, डायचं आयुष्य. दाब वाढवला की छाप छान येते पण डाय लवकर तडकतात. रोजच्या नाण्यांच्या कारखान्यात डाय जास्त टिकणं महत्त्वाचं, त्यामुळे दोन डायमधलं अंतर केसभर जास्त ठेवलं गेलं की मधल्या उंच भागावर छाप मंद होते. आणि डाय म्हातारे होतातच. हजारो वेळा धातू घासून गेला की अक्षरांच्या कडा गोलसर पडतात, जसं ऑफिसातल्या जुन्या रबरी शिक्क्याचं होतं.

मग डायमध्ये ग्रीस किंवा कचरा अडकणं. मोदकाच्या साच्यात मागच्या मोदकाचा कण राहिला की पुढच्या मोदकाला तिथे खड्डा पडतो ना, तसं ग्रीस भरलेल्या अक्षराच्या जागी नाण्यावर अक्षरच येत नाही किंवा अर्धवट येतं. हे बघून लोक 'दुर्मिळ एरर' म्हणून उड्या मारतात. बहुतेक वेळा ते नुसतं ग्रीस असतं.

आणि एक गंमत जी मला फार उशिरा कळली, समोरच्या बाजूचा परिणाम. एका बाजूला मोठा खोल चेहरा असेल तर धातू तिकडे ओढला जातो आणि त्याच्या बरोब्बर मागच्या जागेला धातू कमी पडतो. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं. १९३८ पासून त्यावर एका बाजूला जेफरसन आणि दुसऱ्या बाजूला त्याचं माँटिसेलो नावाचं घर. त्या घराच्या पायऱ्या म्हणजे नाण्यावरच्या बारीक रेघा, आणि त्या पुऱ्या उठलेलं नाणं मिळणं मुश्किल, कारण एक तर तांबं-निकेलचा धातू कठीण आणि वर पलीकडच्या बाजूला चेहऱ्याचा उठाव. तिकडचे लोक भिंग लावून पायऱ्या मोजतात, पाच किंवा सहा अखंड मिळाल्या तर तशी खास नोंद होते, आणि कोट्यवधींनी पाडलेल्या नाण्यातलं तेवढंच एक लोक जास्त पैसे देऊन घेतात. नाणं दुर्मिळ नाही, ती अवस्था दुर्मिळ.

पण मग ते झिजलेलंच असेल ना?

काकांनी हेच विचारलं आणि प्रश्न बरोबर आहे, कारण दोन्हीत नुकसान एकाच जागी दिसतं, सगळ्यात उंच भागावर. खिशात, गल्ल्यात घासून झिजतो तोही उंच भागच.

फरक कळतो झळाळीवरून. दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा नाण्यावर राहतात. म्हणून कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. नाणं हातोहात फिरलं की पहिल्यांदा उंच भागावरच्या या रेषा जातात आणि तिथे मंद, राखाडी, साबणासारखा गुळगुळीत डाग दिसतो, फिरता उजेड तिथे येऊन तुटतो. कच्च्या छापेत तसं नाही, तिथे तो भाग बोथट असतो पण झळाळी असते, आणि भिंगातून बघितलं तर बारीक खरबरीतपणा, ओरखडे दिसतात, ते मूळ कोऱ्या चकतीचे असतात कारण डाय त्या जागेला पुरता टेकलाच नाही.

म्हणजे काकांचं लखलखीत नाणं कोरं होतं हे खरं. बाजारात फिरलेलं नव्हतं. पण भिंगातून त्यांना दाखवलं, कड्याजवळची अक्षरं कशी वितळल्यासारखी गोल झालीत. म्हातारा डाय. काका दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे जन्मतःच असं." अगदी. वापरलं नाही म्हणून नाणं कोरं राहतं, पण जन्माला येताना जे राहून गेलं ते नंतर कशानेच भरून येत नाही.

नेमकं बघायचं कुठे

मी बँकेतून २० रुपयांच्या नाण्यांचं पाकीट आणते तेव्हा काय करते ते सांगते. २० चं अशासाठी की ते मोठं आहे, २७ मिलिमीटर, बारा बाजूंचं, आणि दोन धातूंचं असल्यामुळे त्यात बघण्यासारखं जास्त आहे. डायनिंग टेबलवर जाड टॉवेल पसरायचा, ट्यूबलाइट बंद, एकच बल्बचा टेबललॅम्प एका बाजूला. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सगळी नाणी सारखीच देखणी दिसतात, लग्नाच्या हॉलमध्ये दिसतात तशी. सराफ वापरतात तसं दहापट भिंग पुष्कळ झालं, खरं तर पाचपटही चालतं, त्याहून मोठं घेतलं तर प्रत्येक नाणं चंद्रावरच्या खड्ड्यांसारखं दिसायला लागतं आणि माणूस निराश होतो.

आधी सिंह. मधल्या सिंहाची आयाळ आणि छातीवरचे केस वेगवेगळे दिसतात की सगळा एक गोळा? मग सिंहाखालची पट्टी, तिथे मध्ये चक्र, एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल. घोड्याचे पाय सुटे दिसत असतील तर छाप चांगली. बहुतेक नाण्यांत तिथे नुसता उंचवटा असतो, घोडा आहे हे आपण विश्वासाने मानायचं. खाली 'सत्यमेव जयते', ही अक्षरं इतकी बारीक की ती सुटी सुटी वाचता आली तर मी नाणं बाजूला काढतेच. मग कडा. आतून उतरलेली धार कुठे पुसट झालीय का, सगळीकडे सारखी आहे का. शेवटी आतली चकती आणि बाहेरचं कडं यांचा जोड. हे दोन भाग छाप पडताना त्याच दाबाने एकमेकांत बसतात, त्यामुळे जोडावर फट दिसली किंवा एकीकडे धातू दुसऱ्यावर चढलेला दिसला तर दाब सगळीकडे सारखा पडला नाही असं समजायचं.

मागच्या वेळी पन्नासातून चारच बाजूला निघाली, आणि त्यातल्या दोघांना पिशवीत एकमेकांवर आपटून टोचे पडलेले. उरली दोन.

ते साठ-सत्तरचे आकडे काय असतात?

ऑनलाइन नाणी विकताना 'एमएस ६५' असं काहीतरी लिहिलेलं असतं, एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', टांकसाळीतून निघालं तसंच. ही १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली आणि नंतर ती सगळ्याच नाण्यांना लागली. ६० च्या पुढे म्हणजे न वापरलेलं, ७० म्हणजे निर्दोष. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली, या कंपन्या नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात आणि आकडा देतात.

आकड्यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात, ओरखडे किती, झळाळी कशी, छाप कशी आणि एकूण डोळ्याला कसं वाटतं. म्हणजे दोन नाण्यांना एकच आकडा असला तरी एकाची छाप दमदार आणि थोडे ओरखडे, दुसरं अगदी स्वच्छ पण सिंहाचा गोळा, असं होऊ शकतं. मला विचाराल तर मी पहिलं घेईन, ओरखडा अपघात आहे पण गोळा झालेला सिंह बघून मला रोज चीड येईल. हा माझा स्वभाव, तुमचा वेगळा असेल. पण स्थळ जसं नुसत्या बायोडेटावर पसंत करत नाही तसं नाणंही डबीवरच्या आकड्यावर घेऊ नये, फोटो मागावा, दोन्ही बाजूंचा, तिरक्या उजेडातला. आणि आपल्या रोजच्या १० रुपयांच्या नाण्यासाठी तपासणीचा खर्च करायचा का, तर नाही, बहुतेक वेळा खर्चच नाण्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

एवढी कटकट कशाला, सरळ प्रूफ सेट घ्यावा

घ्या की. टांकसाळी ते विकतातच. प्रूफ म्हणजे मुद्दाम संग्रहासाठी पाडलेलं नाणं, पॉलिश केलेली चकती, पॉलिश केलेले डाय, सावकाश आणि एकाहून जास्त वेळा दाब. मोकळी जागा आरशासारखी, चित्र दुधाळ. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी ७५ रुपयांचं निघालं ते आठवत असेल, ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम, निम्मी चांदी. असली नाणी बाजारात चालवायला नसतातच.

त्यात छापेचा प्रश्न फारसा उरत नाही, तिथे बघायचं ते हाताळणी, आरशावर केसासारखे ओरखडे, बोटाचे ठसे, पांढरे डाग. देखणी असतात यात वाद नाही. पण माझ्यासारखीला त्यात शोधायची मजा नाही, बँकेच्या पाकिटातून एक खणखणीत छापेचं नाणं दर्शनी किमतीला सापडतं तेव्हा जे वाटतं ते कुरियरने आलेल्या मखमली डबीत नाही.

आणि ती 'डबल छापेची' नाणी?

यात सगळ्यात जास्त फसवणूक होते म्हणून दोन शब्द. दाब पडल्यानंतर डाय जरासा हलला तर अक्षरांच्या बाजूला एक चपटी, पायरीसारखी सावली येते. हे सर्रास होतं, याला किंमत नाही. डायवरच चित्र दोनदा कोरलं गेलं असेल तर दुसरी रेघ गोलसर, उठावाची आणि टोकाला दुभंगलेली दिसते, ते वेगळं. आणि काही महाभाग दोन नाणी शिकंज्यात दाबून 'एरर' तयार करतात. अशा नाण्यावर दाबलेली अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी आणि आत गेलेली दिसतात. ते नाणं खराब केलेलं आहे, एवढंच.

खरं दुसऱ्यांदा छापलेलं बघायचं असेल तर त्याचा थाट वेगळा असतो. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला. वर डोंगराचं चिन्ह आणि खालून नहपानाचा चेहरा, ग्रीक अक्षरं डोकावतायत. हरलेल्या राजाचं नाणं वितळवत बसण्यापेक्षा त्याच्याच तोंडावर आपला शिक्का! नाण्यांची गोडी असेल तर त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची, तिथलं संग्रहालय बघून या. आपण नाशिककर तिथून वर्षातून चारदा त्र्यंबकला जातो आणि आत कधी जात नाही.

धुवून घेतलं तर?

नको. हात जोडते, नको. आजोबांच्या पेटीत १९७० चं कमळाचं २० पैशाचं पिवळं नाणं होतं, मी कॉलेजात असताना ते चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखं घासलं. चकचकीत झालं खरं, पण ती फिरती झळाळी कायमची गेली, कारण झळाळी म्हणजे त्या बारीक रेषा आणि रेषाच मी घासून काढल्या. आज ते पितळी बटणासारखं दिसतं. फार तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून टिपून घ्या, घासू नका.

धरायचं कडेने, चित्रावर अंगठा टेकवायचा नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची, बुटांच्या खोक्यात येते तीच.

काकांच्या डब्यातून शेवटी चार नाणी निघाली ठेवण्यासारखी. वैष्णोदेवीचं एकही नाही, त्यातलं सगळ्यात भारी एक साधं १० चं, घोडा चारी पायांवर उभा असलेलं. बाकीची परत डब्यात, आणि डबा रिक्षावाल्यांसाठी. फक्त १० च्या नाण्यांचं काकांना टेन्शन होतं की कुणी घेत नाही म्हणून, तर त्यांना २०१८ मधलं रिझर्व्ह बँकेचं पत्रक मोबाइलवर काढून दिलंय, तोवर १४ वेगवेगळ्या डिझाइनची १० ची नाणी निघालीत आणि सगळी चालतात असं त्यात स्पष्ट लिहिलंय. काल नाशिकरोडपर्यंत त्यांनी सगळं भाडं सुट्ट्यात दिलं म्हणे, रिक्षावाला मोजता मोजता वैतागला.